सव्वा वार मलमल

॥ श्री गुरुबसव प्रसन्न ॥
वालूर, ता. सेलू
१९ ऑगस्ट २०२४

चि. सौ. स्वप्ना,

काकूचा आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नको, समदं खुशाल हाय. मोबाईलच्या जमान्यात काकू पत्र कामून लिहायली म्हणशील. तर बाई, फोनवर तू भराभरा बोलतीस, मला निम्मं कळतं आन् तेबी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत न्हाई. लिहून आलं म्हंजे फडताळाच्या दाराला चिकटवून ठेवता येतं. तुझा बाप गेल्यावर तू धाव्वीपर्यंत आमच्याच घरी शिकलीस, तुझं अक्षर माझ्या डोळ्याखालचं हाय.

काम असं हाय. समोरच्या घरात एक भाडेकरीण आलीय, तिचं लेकरू तान्हं. ती पाकिटातले डायपर घालत न्हाई, कापडाचे लंगोट वापरती. लेकराला खालून चट्टे उठलेत. एका जागी तर कातडंच गेलंय आन् जखम काही केल्या सुकत न्हाई. पोरगी धुऊन धुऊन बेजार झालीय. मला इचारती, काय करू? मी काय सांगू? आपल्या बसूला वाढवून चाळीस वर्सं झाली. तू शिवानीला कापडाचेच लंगोट घालतीस असं म्हणली व्हतीस. कसे धुतीस, काय टाकतीस, समदं बैजवार लिही. घाई हाय. जखम वाढली तर परभणीच्या दवाखान्यात ठेवा म्हणून डॉक्टर म्हणायलाय, आन् तसं झालं तर घराचे लय हाल व्हतील.

काकांचा पाय जरा दुखायलाय, म्हणून दुकान बंद ठेवलंय. फिकीर करण्यासारखं न्हाई. शिवानीचा माझ्या वाटचा एक पापा घे.

तुझी,
उमा काकू


सोनपेठ
२६ ऑगस्ट

ती. काकूंना स्वप्नाचा शरणार्थ.

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, "हातानं लिहिलेलं पाकीट लय दिवसांनी आणलं बघा ताई." सासूबाईंनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि मगच माझ्या हातात दिलं. उत्तराला उशीर झाला, कारण लिहायला बसलं की शिवानी उठते आणि शिवानी झोपली की मीच झोपते. तिला दात यायलेत. दिवसाला चौदा-पंधरा लंगोट होतात. सासूबाई म्हणतात, "पाकीट आण की गं, कशाला हाडं झिजवतीस?" आणलं होतं. दोन दिवसांत पोरगी टमाट्यासारखी लाल. मग बसले परत मोरीत.

आता तुमच्या भाडेकरणीला सांगा. घाण झालेला लंगोट आधी थंड पाण्याखाली धरायचा. एकदम गरम पाणी घातलं की डाग कापडात बसतो, मग काही केल्या निघत नाही. भिजत ठेवायचा तर झाकणाच्या बादलीत, आणि सकाळचा संध्याकाळपर्यंत. त्याच्यापेक्षा जास्त वेळ ठेवला की आंबतो. पावडर चिमूटभर. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, फेस येत नाही, म्हणून बाया मूठभर ओततात. ती पावडर कापडातच राहते आणि लेकराला चावते. शेवटचं पाणी नितळ निघेपर्यंत खळबळायचं, ह्यात आळस चालत नाही. वासाचं औषध मिळतं ना कपड्यांना, ते अजिबात नको. त्यानं कापड पाणी प्यायचं सोडतं. आठ दिवसांतून एकदा उकळायचं.

आणि ऊन, काकू. कडक ऊन. घरात वाळलेला लंगोट हाताला कोरडा लागतो, पण आत ओल धरून असतो. तीच ओल जखमेला सुकू देत नाही. माझ्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, पन्नास रुपयांच्या मलमापेक्षा फुकटचं ऊन बरं.

ती शेवटच्या पाण्यात काय टाकते, वाळवते कुठे आणि कापड कुठलं आहे, एवढं विचारून कळवा. त्याशिवाय मला काही कळायचं नाही.

शिवानीला मी अजून काकांनीच पाठवलेली मलमल वापरते. गावात कुणाच्याही घरी लेकरू झालं, मराठ्याच्या होवो नाहीतर मोमिनाच्या, आपल्या दुकानातून सव्वा वार मलमल जायची, आठवतं ना? काका ठाणातून फाडून तुमच्याकडे द्यायचे, तुम्ही तीनदा धुऊन तिच्यातली गिरणीची खळ काढायच्या, आणि घडी पोचवायला मी. वाटेत कुणी विचारलं, कोरी का नाही देत? तर मी काकांसारखं तोंड करून सांगायची, "कोरं कापड लेकराला काट्यावानी टोचतं."

दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात काका झोपलेत. दुखतो पाय, मग बोलायला काय झालं त्यांना?

तुमची,
स्वप्ना


॥ श्री गुरुबसव प्रसन्न ॥
वालूर
४ सप्टेंबर

चि. स्वप्ना,

तुझं पत्र फडताळाला लावलंय. त्यातलं समदं सांगितलं पोरीला. थंड पाणी, चिमूटभर पावडर, समदं करायलीय. दोन दिवस जरा बरं वाटलं, मंग परत जखमेतून पाणी यायलं. चार दिवस पावसाची झड लागलीय, तिचंबी असंल.

तू इचारलंस ते सांगते. पोरगी लय टापटिपीची हाय. कापड जुन्या धोतराचं हाय, चांगल्या सुताचं. शेवटच्या पाण्यात थोडी नीळ आन् साबुदाण्याची पातळ खळ घालती, म्हंजे कापड कसं ताठ आन् पांढरंशुभ्र राहतं. वाळवती आतल्या खोलीत, खिडकी लावून. बाहेर घातलं की लोक बघत्यात. एकेक लंगोट वारभराचा लागतो, त्याला बाहेर जागा तरी कुठं हाय?

दुसरं काही करता येत असंल तर लवकर लिही. जखम आता रुपयाएवढी झालीय.

काकांनी दाढ काढलीय, म्हणून बोलत न्हाईत. पोळ्याला बैल दारावरून गेले, ते खिडकीतून बघत व्हते.

उमा काकू


सोनपेठ
९ सप्टेंबर

काकू,

पत्र तीनदा वाचलं.

लेकराच्या लंगोटाला खळ कुठली आई घालेल? साबुदाणा शिजवून, निळीच्या पाण्यात धोतर बुडवून, टोकं धरून झटकणारी बाई मला सगळ्या जिल्ह्यात एकच माहीत आहे. आणि ज्याच्या अंगाला तिनं खळीशिवायचं कापड कधी लागू दिलं नाही, तो माणूसही एकच. वारभराचा लंगोट तान्ह्या लेकराला लागत नाही, काकू.

समोर भाडेकरीण नाही ना?

मी रागावले नाही. खरंच नाही. फक्त सांगा, काकांना काय झालंय. आणि उत्तर लिहायच्या आधी एक करा, खळ बंद करा. आजच. खळीचं कापड पाणी पीत नाही आणि कातडं सोलतं. हे तुम्हीच मला शिकवलंय.

स्वप्ना


वालूर
१७ सप्टेंबर

स्वप्ना,

खरं हाय. समोरच्या घराला दोन साल झालं कुलूप हाय.

आखाडात दुकानातल्या गादीवर बसल्या बसल्या त्यांचं उजवं अंग गेलं. आठ दिवस दवाखान्यात व्हतो, बसू पुण्याहून आला व्हता. जीव वाचला. बोलणं जड झालंय, एकेक शब्द इहिरीतून पाणी वढल्यावानी काढत्यात. समज समदी हाय, कान तर आधीपरीस तिखट. पण लघवी-संडासाचं कळत न्हाई. म्हंजे झाल्यावर कळतं. तेच लय वाईट हाय पोरी. कळतं त्यांना. मी बदलायला घेतलं की भितीकडं तोंड करत्यात.

दवाखान्यातून आलो त्या दिवशी माझा हात त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर ठेवून घेतला आन् म्हणले, कुणाला सांगू नको. बसूला ठाऊक हाय, बाकी समद्यांना पाय दुखतो म्हणूनच सांगितलंय. मोबाईल त्यांच्या उशाशी असतो, मी काय बोलते ते समदं ऐकत्यात. म्हणून तुला पत्र लिहिलं. देवाची शपथ मोडायची न्हवती, म्हणून भाडेकरीण उभी केली. म्हातारपणी हे धंदे.

बसूनं पाकिटातल्या डायपरचं खोकं पाठवलंय. लेकानं माया केली, पण ते घातलं की त्यांना घामानं पुरळ येतं. आन् वापरलेलं टाकू कुठं? घंटागाडी दारात थांबती, गाडीवाला पिशवी उघडून वला-सुका बघतो. मंग त्यांचीच जुनी धोतरं फाडली.

दुपारी गल्ली सामसूम झाली की मागच्या मोरीत बसते. रोजचे धा-बारा व्हत्यात. वारभराचं वलं कापड एकटीला पिळत न्हाई, एक टोक नळाला बांधते आन् दुसरं पिळते. मनगटं गेली. बोटांच्या पेरात भेगा पडल्यात, सकाळी भस्म लावताना झोंबत्यात. शेजारची बायनाबाई भितीवरून डोकावती, "उमाबाई, रोज रोज काय धुतीस गं?" मी म्हणते, गोधड्या. एका घरात किती गोधड्या असत्यात? तिनं हसावं न्हाईतर काय करावं.

आता खळीचं. तुझं पत्र वाचलं आन् मी मोरीतच फतकल घालून बसले. गावातल्या समद्या लेकरांच्या कापडातली खळ ह्या हातानं काढली, आन् घरच्या माणसाच्या कापडात ह्याच हातानं घातली! माझ्या ध्यानातच आलं न्हाई बघ. पन्नास वर्सं त्यांचं धोतर म्हणलं की साबुदाणा चुलीवर. ते लंगोट हाय हे डोळ्याला दिसत व्हतं, हाताला दिसत न्हवतं. मी त्यांना इचारलं, टोचत व्हतं का? त्यांनी डोळे मिटले. मी म्हणलं, मंग बोलला न्हाईत कामून? मंग म्हणले, "खळ... शिजायची... वास यायचा. दुकानाला... निघाल्यावानी."

मी त्यांच्यासमोर रडले. दुखणं झाल्यापासून पयल्यांदा.

दुसरं एक सांगते, ते वाचून तू बी रडशील. ते पूजा करत न्हाईत. गळ्यातल्या लिंगाला हात लावत न्हाईत. "मी घाण हाय" म्हणत्यात. आपल्यात इटाळ न्हाई, सूतक न्हाई, हे जलमभर लोकांना सांगत आलेला माणूस! मी समजावलं, तर परत भितीकडं तोंड.

खळ त्याच दिवशी बंद केली. पण ऊन कुठून आणू? मागच्या अंगणात दिवसभर भितीची सावली. ऊन समदं पुढं, आन् पुढं रस्ता, पार, येणारी-जाणारी माणसं. तिथं दोरी बांधली तर लपवायचं काय राहिलं? डॉक्टर म्हणला, पंधरा दिवसांत जखम सुकायला लागली न्हाई तर परभणीला ठेवावं लागंल. आन् हे म्हणत्यात, इथून हलवलं तर अन्न सोडीन. त्यांचा सबूद तुला ठाऊक हाय.

मी थकले, स्वप्ना. हे मी कुणाला म्हणले न्हाई. देवालाबी न्हाई.

काकू


सोनपेठ
२२ सप्टेंबर

काकू,

मी शुक्रवारी येते. शिवानीला घेऊन, तीन आठवड्यांसाठी. सासूबाई म्हणाल्या, सणाच्या तोंडावर कसलं माहेरपण? मी म्हटलं, पोरीला अंगणातलं ऊन पाहिजे, इथे गच्चीला शेजाऱ्याची सावली आहे. ह्यात खोटं काहीच नाही. तुमच्या जावईबापूंनी, सोमेश्वररावांनी, मुकाट्यानं बॅग काढून दिली. माणूस बोलत नाही, पण कामाचा आहे.

तोवर दोन कामं करा. पहिलं, वारभराची कापडं फाडून चौकोनी तुकडे करा, हातभर लांब, हातभर रुंद. दोन-तीन एकावर एक ठेवून घडी घालायची. पिळायला नळ लागणार नाही, वाळायला अर्धा वेळ. दुसरं, पुढच्या अंगणात निंबाच्या झाडापासून दाराच्या खिळ्यापर्यंत दोरी बांधा. शिवानीचे लंगोट आणि काकांचे तुकडे एकाच दोरीवर वाळतील. कुणी विचारलं तर स्वप्नाच्या पोरीचे. बघू कोण मोजतंय.

आणि शपथेचं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही मला काही सांगितलं नाही. मला खळीनं सांगितलं.

पाण्यात हात घालायच्या आधी खोबरेल लावत जा. मी येईपर्यंत तरी.

स्वप्ना


सोनपेठ
२० ऑक्टोबर

काकू,

पोचले. गाडीत शिवानीनं सगळ्यांचे कान खाल्ले, कंडक्टरनं शेवटी तिला तिकिटाचा कागद खेळायला दिला. आल्या आल्या बघते तर मोरीत कपड्यांचा डोंगर. सासूबाईंचे गुडघे सुजलेत, त्यांना जिना चढवत नाही. मी कुठं कुठं पुरी पडू काकू? तुमच्याकडून निघताना पाय उचलत नव्हता, आणि इथे आल्यावर वाटलं, मी गेलेच कशी हे घर टाकून.

पहिले दोन दिवस काकांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते मी विसरणार नाही. ज्यांच्या खांद्यावर बसून मी मोंढ्यात जायची, ते मला बघून भिंतीकडे वळले. मग मी शिवानीला त्यांच्या डाव्या हाताशी टाकायला लागले. तिथंच तिचं बदलायची, तिच्याशी बडबडत, "भिजलीस का गं शहाणे, भिजू दे, ऊन आहे आपल्याकडे." मी तिच्याशीच बोलत होते, काकू. पण खोलीत दोघं होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं तिच्या लंगोटाचं टोक चिमटीत धरलं, दुकानात धरायचे तसं, आणि म्हणाले, "मऊ आलीय." तीन आठवड्यांत मला मिळालेले दोनच शब्द, पण मी ते सोनपेठपर्यंत जपून आणले.

निघाले तेव्हा जखम नखाएवढी राहिली होती, आणि कोरडी होती. डॉक्टरांनी परभणीचं नाव काढलं नाही. पण आता शिवानी तिथे नाही. खरं सांगा, दोरी अंगणात आहे की परत आत गेली? तुम्ही कापड आत वाळवलंत तर आपली तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात. मला ओरडायचा अधिकार नाही, मी तर निघून आले. तरी विचारते.

स्वप्ना


॥ श्री गुरुबसव प्रसन्न ॥
वालूर
१४ नोव्हेंबर

चि. स्वप्ना,

पत्राला उशीर झाला, रागावू नको. दिवाळी आली कवा आन् गेली कवा कळलं न्हाई. बसू दोन दिवस येऊन गेला. बापाचे पाय चेपले आन् पोत्यावर बसून जेवला, मला बरं वाटलं.

तू इचारलंस ते खरं खरं सांगते. तू गेलीस त्याच दिवशी मी दोरी आत नेली. भ्याले. लेकरू न्हाई तर दोरी कुणाच्या नावानं ठेवू? पाचव्या दिवशी जखम परत वली झाली. बोटाला चिकटायली. मी तशीच उठले, समदं कापड उचललं आन् पुढच्या अंगणात घातलं. म्हणलं, व्हायचं ते व्हऊ दे. परभणीला न्हेऊन उपाशी मारण्यापरीस लोकांनी बघितलेलं बरं. त्यांना मात्र काही बोलले न्हाई. खिडकीचं एक दार लोटून घेतलं, त्यांना दोरी दिसू न्हाई म्हणून.

पंधरा दिवस कुणी काही म्हणलं न्हाई. मंग दिवाळी झाल्यावर एका सकाळी बायनाबाई दारात आली, संगं खालच्या आळीची पार्वतीबाई. बायनाबाईचा आवाज तुला ठाऊक हाय, कानात बोलली तरी देवगाव फाट्यापर्यंत जातो. दोरीकडं हात करून म्हणली, "उमाबाई, स्वप्नी पोरीला घेऊन सासरला गेली की कवाच. मंग ही दुपटी रोज कुणाची वाळायलीत?"

मी म्हणलं, "जुनी व्हती पडलेली. धुऊन ठेवायलेय."

"रोज?"

पार्वतीबाई खाली बघायली. तेवढ्यात आतून खिडकीचं दार ढकलल्याचा आवाज आला. डाव्या हातानं ढकललं त्यांनी. आन् आवाज आला, फाटका, पण रस्त्यापर्यंत गेला.

"माझी."

मंग श्वास घेतला आन् परत म्हणले, "माझी हाईत."

वाटलं, आता हा माणूस अन्न सोडणार. बायनाबाईनं डोक्यावर पदर घेतला, दुकानात जाताना घ्यायची तसा, आन् खिडकीकडं तोंड करून म्हणली, "ठाऊक हाय, अप्पा. पोळ्यापासून ठाऊक हाय आमाला."

मला असा राग आला म्हणून सांगू! म्हणलं, "ठाऊक व्हतं तर चारचौघांत इचारलंस कामून, भवाने?"

तर मलाच वराडली. "मंग काय करू? भितीपलीकडं तू एकटी आपटून आपटून मरायलीस, मी अलीकडून ऐकायले. पण घरवालीनं म्हणल्याबिगर दुसऱ्याच्या घरचं असलं कापड कोण हातात घेतं? आपल्यात रीत हाय का तशी? तू सांगशील म्हणून वाट बघितली. तुझ्या गोधड्याच सरंनात! आता अप्पानं सांगितलं न्हवं? सरक तिकडं, मला पिळू दे."

सरळ आत गेली आन् मोरीत बसली. पार्वतीबाई बादल्या भरायली. मी नुसती उभी.

सांजच्याला बायनाबाई एक गाठोडं घेऊन आली. तिच्या तिन्ही लेकरांची दुपटी, मंग त्याच दुपट्यांवर वाढलेली नातवंडं. धुऊन धुऊन सायीवानी मऊ झालेली. म्हणली, "धोतराचं कापड जाड पडतं, उमाबाई. हे घे." मी ते त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं. त्यांनी चिमटीत धरलं, अंगठा फिरवला. लय वेळ फिरवत व्हते. मंग म्हणले, "आपलीच हाय. सव्वा वार."

बायनाबाई म्हणली, "न्हाईतर कुणाची? गावात दुसऱ्या कुणी दिली व्हती का?"

तवापासून त्या दोघी आळीपाळीनं रोज येत्यात. मला पाण्यात हात घालू देत न्हाईत. बायनाबाई तोंडानं लय फाटकी, दिवसभर मला बोलती. "उकळायचं पातेलं एवढं लहान असतं का, साबण एवढा थोडा कसा?" मी तिला तुझं पत्र दाखवलं फडताळावरचं. तिला वाचता येत न्हाई. मी वाचून दाखवलं, तर म्हणली, हे तर आमाला आधीच ठाऊक हाय.

जखमेवर खपली धरलीय. डॉक्टर म्हणला, आता हात लावू नका, वारं लागू द्या. मीबी रात-दिस बघायचं सोडलंय.

परवा सकाळी मी अंग पुसून दिलं, कापड बदललं, तर त्यांनी डावा हात माझ्यापुढं केला. पाणी पायजे का? मानेनंच न्हाई म्हणले. गळ्याकडं बोट दाखवलं. तवा माझ्या ध्यानात आलं. लिंग डाव्याच तळहातावर घेत्यात आपल्यात, तेवढं बरं झालं बघ. ते त्यांनी धरलं. उजवा हात उठत न्हाई, म्हणून भस्म मी लावलं, बेल मी वाहिला. त्यांचा डावा आन् माझा उजवा, अशी एक पूजा झाली. माझ्या बोटांना भस्म झोंबलं न्हाई.

मी थकलेलीच हाय पोरी, खोटं कशाला बोलू? ह्या वयात गेलेलं बळ माघारी येत न्हाई. पण काल दुपारी बायनाबाई मोरीत व्हती म्हणून मी त्यांच्या खाटेच्या कडेला जरा टेकले. जाग आली तवा दिस कलला व्हता. मी दचकून उठले, म्हणलं, "अहो, वलं झालं असंल, हाक मारायची की!"

त्यांनी बोटानं बाहेर दाखवलं. दोरी रिकामी व्हती. वाळलेलं समदं कापड बायनाबाई त्यांच्या अंगाशी टाकून गेली व्हती, आन् त्यांनी एका हातानं त्याच्या घड्या घालून माझ्या उशाशी रचल्या व्हत्या. घड्या वाकड्या व्हत्या. पन्नास वर्सांत त्यांची घडी वाकडी बघितली न्हवती मी. त्या घड्या मी मोडल्या न्हाईत, तशाच फडताळात ठेवल्यात.

शिवानीचा लंगोट पुढच्या खेपेला इथंच बदल, त्यांच्या डाव्या हाताशी.

तुझी,
उमा काकू